आईच्या पायाचा अंगठा वाकत चालला आहे: कारण काय, आणि शस्त्रक्रिया करावी का?

कोरडवाहू यांचा प्रश्न

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची असून आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. घरची कोरडवाहू शेती आहे. कापूस आणि तूर ही मुख्य पिके. गेल्या आठ-दहा वर्षांत आईच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकत गेला आहे आणि अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला, सुपारीएवढे टेंगूळ आले आहे. डाव्या पायालाही तसेच आहे, पण कमी. मागच्या वर्षापासून उजवा अंगठा दुसऱ्या बोटाच्या खाली शिरू लागला असून ते बोट वर उचलले गेले आहे आणि त्याच्या पेरावर कुरूप झाले आहे. वेचणीच्या दिवसांत आई सकाळपासून उभी असते. संध्याकाळी घरी येऊन बूट काढला की ती जागा लालभडक दिसते.

तालुक्याच्या गावी दाखवले तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर झोपवून एक्स-रे काढला आणि "हे बनियन आहे, ऑपरेशन करावे लागेल" एवढेच सांगितले. आईला वाटले की ते अंगात घालायच्या बनियनविषयी बोलत आहेत, आणि ती बाबांकडे पाहू लागली. पुढे विचारण्याआधीच दुसरा रुग्ण आत आला होता. नंतर मी अंगठा सरळ करणारा पट्टा ऑनलाइन मागवला. आईने तो तीन महिने रोज रात्री बांधला. सकाळी अंगठा सरळ झाल्यासारखा वाटतो आणि न्याहारीपर्यंत पुन्हा मूळ जागी जातो.

गावात प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. कोणी जोडव्यांना दोष देते, कोणी वात म्हणते, तर कोणी लहानपणी अनवाणी चालल्याचा हा परिणाम असल्याचे सांगते. आईला चार वर्षांपासून मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. माझ्या १४ वर्षांच्या मुलीचा अंगठाही थोडा तसाच दिसू लागला आहे, त्यामुळे काळजी वाढली आहे. हे नेमके कशामुळे होते, शस्त्रक्रियेशिवाय अंगठा सरळ होऊ शकतो का, आणि शस्त्रक्रिया केली तर आई पुन्हा शेतात कधी उभी राहू शकेल, हे जाणकारांनी सांगावे.

अस्थिरोग_तालुका यांचे उत्तर

मी विदर्भातीलच एका तालुक्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. पाय पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी आपण केलेले वर्णन ज्या विकाराशी जुळते त्याला वैद्यकीय भाषेत हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. हॅलक्स हा पायाच्या अंगठ्यासाठी लॅटिन शब्द आहे. बोलताना सगळे बनियन म्हणतात आणि आपल्या आईंचा झाला तसा गैरसमज माझ्याही ओपीडीत अनेकदा होतो, म्हणून मी आता 'अंगठा सरकणे' असेच म्हणतो.

सगळ्यात मोठा गैरसमज टेंगळाविषयी असतो. तेथे नवीन हाड उगवलेले नसते. पंजातील अंगठ्यामागचे लांब हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने, कलते आणि अंगठा मात्र उलट बाजूला बोटांकडे जातो. या दोघांच्या सांध्यात जो कोपरा तयार होतो, त्या कोपऱ्यात लांब हाडाचे टोक त्वचेखाली पुढे आलेले दिसते. बूट घासून त्यावरची पाण्याची पिशवी सुजली की टेंगूळ आणखी मोठे भासते. निरोगी पायातही अंगठा थोडा बोटांकडे झुकलेला असतोच. हा कोन १५ अंशांपर्यंत असेल तर आम्ही त्याला विकार म्हणत नाही, आणि साधारण ४० अंशांच्या पुढे गेला तर विकृती तीव्र समजतो.

एकदा अंगठा सरकू लागला की तो आपोआप अधिकाधिक का सरकतो, हे बैलाच्या उदाहरणाने सांगतो. दोन्ही कासरे सारखे ओढले तर बैल सरळ चालतो. पण कासरे एकाच बाजूला घसरले, तर जितके जोरात ओढाल तितका तो त्या बाजूला वळेल. अंगठा उचलणारी आणि दाबणारी अशा दोन्ही शिरा, म्हणजे स्नायूंचे कंडरे, सांध्याच्या मधोमध असतात. हाड आत कलले की त्या बाहेरच्या बाजूला पडतात आणि मग प्रत्येक पावलागणिक अंगठ्याला बोटांकडेच ओढत राहतात. अंगठ्यावरचा भार कमी होतो, तो दुसऱ्या बोटाच्या मुळावर येतो, तेथे तळव्याला घट्टा पडतो आणि ते बोट हातोड्यासारखे वाकून वर येते. आईंच्या कुरुपाचे मूळ येथे आहे. वरवर कुरूप कापत राहिल्याने ते पुन्हा पुन्हा येणार.

कारणांविषयी बोलायचे तर मूळ प्रवृत्ती बहुधा घराण्यातूनच येते. वारशाने मिळतो तो वाकडा अंगठा नव्हे, तर पायाची ठेवण: सैल सांधे, सपाट पाऊल, पंजाच्या पहिल्या हाडाचा ढिलेपणा. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि वयाबरोबर वाढतो. २०१० साली अनेक देशांतील सर्वेक्षणे एकत्र करून काढलेल्या अंदाजात १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के आणि त्यापुढील वयात सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये तो कमीअधिक प्रमाणात आढळला होता. संधिवाताभ, म्हणजे हातापायांचे लहान सांधे सुजवणाऱ्या आजारातही अंगठा असाच सरकतो. म्हणून सकाळी उठल्यावर आईंच्या हाताची बोटे तासभर आखडलेली राहतात का, हे जरूर विचारा.

आता गावातल्या कारणांकडे वळू. अनवाणी चालल्याने अंगठा वाकत नाही. उलटेच म्हणावे लागेल. १९५८ साली हाँगकाँगमध्ये बूट वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या चिनी लोकांच्या पायांची तुलना झाली, तेव्हा बूट वापरणाऱ्यांत ३३ टक्के आणि न वापरणाऱ्यांत जेमतेम २ टक्के लोकांना हा विकार होता. याचा अर्थ आईंनी अनवाणी शेतात जावे असा मात्र कोणी घेऊ नये. तुरीची धसकटे, काटे, विंचू आणि साप असलेल्या रानात, आणि त्यातही मधुमेह असताना, तो सल्ला घातक ठरेल. दोष बुटाचा नसून बुटाच्या निमुळत्या टोकाचा आहे. जोडव्यांमुळे अंगठा सरकतो असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, पण दुसरे बोट सुजलेले असेल तर ती काढून ठेवावीत. हे डॉक्टरने सांगून सहसा उपयोग होत नाही. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने सांगितले तर होतो.

पट्ट्याचा अनुभव आपण स्वतःच अचूक लिहिला आहे. प्रौढ माणसाचे कललेले हाड पट्ट्याने, तेलाने किंवा मालिशने कायमचे सरळ होत नाही. रात्री बरे वाटत असेल तर पट्टा वापरण्यास हरकत नाही, परंतु मधुमेह असताना तो आवळून बांधू नये. बुटात ठेवायच्या आधारांबद्दल फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी आधार वापरणाऱ्यांना काहीही उपचार न केलेल्यांपेक्षा थोडे बरे वाटत होते, वर्षाअखेरीस तो फरक उरला नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना वर्षाअखेरीस सर्वांत कमी होत्या.

मग सगळ्यांनीच शस्त्रक्रिया करावी का? नाही. शस्त्रक्रिया वेदनेसाठी करायची असते, दिसण्यासाठी नव्हे. रुंद पादत्राण वापरूनही रोजच्या कामात दुखत असेल, किंवा दुसरे बोट निखळू लागले असेल, तरच तिचा विचार करावा. तीत लांब हाड कापून योग्य जागी सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. विकृती फार असेल किंवा पायाचा मधला सांधा ढिला असेल तर तो सांधा कायमचा जोडतात. अंगठ्याचा सांधाच झिजला असेल तर तोही जोडून टाकावा लागतो. नुसते टेंगूळ तासून देतो असे कोणी म्हणाले तर आणखी एका तज्ज्ञाला विचारा, कारण कललेले हाड तसेच राहते. नियोजनासाठी एक्स-रे उभे राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत कोन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. आईंच्या बाबतीत तीन महिन्यांची सरासरी साखर, पायातील रक्तप्रवाह आणि तळव्याची संवेदना या तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी तरी तारीख देणार नाही.

फरमा यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही, जोडे-चपला बनवण्याचा आमचा पिढीजात व्यवसाय आहे. डॉक्टरसाहेब रुंद पादत्राण म्हणाले, परंतु ते ओळखायचे कसे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. आठवडी बाजारात माणूस सकाळी बसल्या बसल्या माप देतो आणि बूट संध्याकाळी चावतो, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय पसरतो व थोडा सुजतो.

संध्याकाळी आईंना जाड कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा आणि पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड आखा. तो आकार कापून घ्या आणि दुकानात बुटाच्या तळव्यावर ठेवा. कागद कडेच्या बाहेर येत असेल तर तो बूट कितीही मऊ असला तरी घेऊ नका. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. एक नंबर मोठा बूट घेतला की काम भागते असे लोक समजतात. त्याने लांबी वाढते, टेंगळाच्या जागी रुंदी फारशी वाढत नाही आणि टाच आत सरकत राहते.

चामड्याचा बूट असेल तर आम्ही तो लाकडी फरम्यावर चढवून नेमका टेंगळाच्या जागी फुगवून देतो. एका रात्रीचे काम असते. वेचणीला सगळ्या बाया जे स्वस्त प्लॅस्टिकचे बूट घालतात ते मात्र फुगत नाहीत. काही जणी त्यांना टेंगळाच्या जागी भोक पाडतात. त्या भोकाची कड कापते आणि आत खडे शिरतात, म्हणून साखर असलेल्या बाईने ते करू नये. अंगठ्याची चप्पलही आईंना टाळायला सांगा, कारण तिचा पट्टा नेमका टेंगळावरून जातो. मागून पट्टा असलेली, वरून चिकटपट्टीने सैल-घट्ट करता येणारी रुंद सँडल बरी पडते.

धानपट्टा यांचे उत्तर

मी गोंदिया जिल्ह्यातील असून माझ्या दोन्ही पायांची शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्याची आधी आणि डाव्याची सव्वा वर्षाने. दोन्ही एकदम करून घ्यायचा माझा आग्रह होता, परंतु डॉक्टरांनी विचारले की दोन्ही पायांना पट्ट्या असताना संडासला कशा जाल, आणि माझा आग्रह तेथेच संपला.

पहिल्या वेळी मला कोणीही पुरेसे सांगितले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहिते. कंबरेतून भूल दिली होती. पहिले दोन आठवडे पाय उशीवर उंच ठेवून काढावे लागले. खाली सोडला की ठणका लागायचा. त्यानंतर टाचेवर भार येईल असा खास बूट घालून सहा आठवड्यांपर्यंत घरातल्या घरात चालले. साधी चप्पल तिसऱ्या महिन्यात पायात गेली, सूज मात्र पाच महिने संध्याकाळी यायचीच. अंगठा आता सरळ आहे, पूर्वीइतका वर वळत नाही, आणि उकिडवे बसून उठताना ते जाणवते. रोवणीला मी पहिल्या वर्षी गेले नाही. चिखलात उभे राहणे आणि पंजावर जोर देऊन मागे सरकत जाणे, हे पायाला फार जड जाते.

आपल्याकडे कापूस असल्याने वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली तर पेरणीपर्यंत चार महिने मिळतात. उन्हाळ्यात पट्टीच्या आत घाम येतो हे खरे, पण पावसाळ्यातील ओलीपेक्षा ते परवडले. घरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणारे कोणी असेल तर त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. मला स्वतःला तो महिनाभर आधी बंद करायला लावला होता. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो आणि निकोटीन खर्र्यातही असते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला कागदपत्रांसह आधीच विचारून घ्या. मी दाखल झाल्यावर विचारले आणि दोन दिवस फुकट गेले.

निवृत्त_आरोग्यसेवक यांचे उत्तर

वरील सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु मी तीस वर्षे चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर काम केले असल्याने एक वेगळी बाब मांडतो. वाकलेले प्रत्येक बोट बनियन नसते. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात, आणि घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस त्या आजाराने निकामी झाली की पायाची बोटे पंजासारखी आखडतात व तळवा बधिर होतो. अशी बोटे सहसा सगळी एकत्र वाकतात. अंगठा आडवा सरकून एकच शेजारचे बोट वर येणे हे त्याचे चित्र नव्हे. त्यामुळे आपल्या आईंना कुष्ठरोग आहे असे मी मुळीच सुचवत नाही. तरीही अंगावर बधिर चट्टा आहे का, हे एकदा पाहून घ्यावे. असल्यास लाजण्याचे कारण नाही. बहुविध औषधोपचार आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो.

दुसरी शक्यता यूरिक ॲसिडची. एखाद्या रात्री अचानक अंगठ्याचे मूळ लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसेल, तर ती वातरक्ताची कळ असते आणि तिचे औषध वेगळे आहे. गावात ज्याला सरसकट वात म्हणतात त्यात अशी काही माणसे असतात, म्हणून तो शब्द मी हसण्यावारी नेत नाही.

मधुमेहाबाबत घरी करण्याजोगी एक साधी तपासणी आहे. आईंना डोळे मिटून पडायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, आणि स्पर्श कळला नाही म्हणून पुन्हा करायचा नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. कुरुपावर औषध दुकानातील चिकटपट्टी लावली असेल तर ती आजच काढा. तिच्यातील आम्ल कुरुपाबरोबर चांगली कातडीही जाळते, आणि बधिर पायाच्या माणसाला ते कळत नाही.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. दोन्ही करंगळ्यांना स्पर्श कळला नाही, उरलेल्या चार ठिकाणी कळला. आई म्हणाली की असे वर्षभरापासून आहे, पण पाय दुखत नव्हते म्हणून सांगितले नाही. अंगावर चट्टा नाही आणि सकाळी हात आखडत नाहीत. कुरुपाची पट्टी लावलेलीच होती, ती काढली. खाली कातडी पांढरी पडली आहे, जखम दिसत नाही. कागदावर पाऊल आखून पाहिले तर तिचा वेचणीचा बूट दोन्ही बाजूंनी जवळजवळ बोटभर अरुंद निघाला. आता आधी काय करावे?

अस्थिरोग_तालुका यांचे उत्तर

सहापैकी दोन ठिकाणी संवेदना नसणे म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न काही महिने मागे गेला आणि पाय सांभाळण्याचा प्रश्न पुढे आला. याच आठवड्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्याला सोयीच्या अशा मोठ्या रुग्णालयात जाऊन संवेदनेची आणि रक्तप्रवाहाची रीतसर तपासणी व एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, करून घ्या. उभ्याने काढलेला एक्स-रे त्याच फेरीत होईल. जुना बूट आजपासून बंद करावा. आतून मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराचा तळ असलेली, मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. नवी सँडल पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायची आणि काढल्यावर पायावर लाल डाग राहतो का ते पाहायचे. रोज संध्याकाळी आईंचे तळवे, बोटांच्या फटी आणि टेंगळावरची कातडी घरातील कोणीतरी उजेडात पाहावी, कारण जखम झाली तरी त्यांना ती दुखेलच असे नाही. पाय शेकणे आणि गरम पाण्यात बुडवणे बंद. साखर आटोक्यात आली, माझ्या हिशेबाने एचबीएवनसी ८ च्या खाली, आणि रक्तप्रवाह चांगला निघाला, तर फेब्रुवारीत शस्त्रक्रियेचा विचार करता येईल. रुंद सँडलने तोवर दुखणे थांबले तर ती करण्याची गरजही उरणार नाही.

मुलीविषयी आपण विचारले होते ते राहून गेले. वाढीच्या वयात शस्त्रक्रिया शक्यतो करत नाहीत, कारण अंगठा पुन्हा सरकण्याचे प्रमाण त्या वयात जास्त असते. तिचा एकदा उभ्याने एक्स-रे काढून कोन लिहून ठेवा आणि वर्षाने पुन्हा पाहा. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात तेव्हा घेतलेला काळा बूट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवला जातो आणि त्या अवधीत मुलीचा पाय एक नंबरने वाढलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत तिचे पाऊल पुन्हा कागदावर आखा.